वेणूबाई, नाव बदललेलं आहे

तुरीचे दिवस आले की गुलबर्ग्याच्या हवेत एक कोरडा, पिवळा वास भरून राहतो. डाळ मिलच्या बाजूनं वारा सुटला की माझ्या खिडकीच्या गजांवर बारीक भुसा येऊन बसतो. बोटानं पुसला तर बोट खाजतं. कॉलेजातल्या माझ्या सहकारी बाई त्याला धूळ म्हणतात. मला त्याला धूळ म्हणवत नाही. त्या भुशावर मी शिकले.

नेमक्या याच दिवसांत दरवर्षी प्रकाशनसंस्थेचं बातमीपत्र येतं. दिल्लीची ही संस्था अभ्यासाची जाडजूड इंग्रजी पुस्तकं काढते. तुरीच्या रानात राबणाऱ्या बायांवरचं माझं एकुलतं एक पुस्तक त्यांनीच छापलं. बातमीपत्रात नवी पुस्तकं असतात, कुणाला कुठलं पारितोषिक मिळालं ते असतं, आणि शेवटी एखाद्या लेखकाची मुलाखत, बाजूला त्याचा हसरा फोटो. यंदा माझ्या पुस्तकाची स्वस्त आवृत्ती निघणार म्हणून मुलाखतीचा मान मला मिळाला. पाच प्रश्न आले. चार मी चहा निवायच्या आत लिहून काढले. पाचवा असा होता: ज्यांच्यावर तुम्ही हे पुस्तक लिहिलंत, त्यांनी ते वाचल्यावर काय म्हटलं?

प्रश्न विचारणाऱ्या संपादक मुलीचा स्वभाव गोड आहे. तिला काही ठाऊक नाही.

आमचं गाव मुडबीकडचं. लहानपणी या दिवसांत पहाटे उठलं की अंगणभर दव आणि चुलीवर तुरीच्या हिरव्या शेंगा उकडत ठेवलेल्या. मीठ घातलेलं ते पाणीसुद्धा आम्ही पोरं पिऊन टाकायचो. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, ज्यांची रानं होती ते लोक बैलगाड्या जुंपून रानात जायचे, कडब्याची खोप करायचे, भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे खायचे. आमचं रान नव्हतं. आम्ही बांधावर बसायचो. मग कुणीतरी मोठ्या मनाची बाई वरून, हात लागू न देता, आमच्या पातेल्यात आंबील ओतायची. ती आंबील फार चवदार असायची. आजही तशी कुठं मिळत नाही, आणि हे लिहिताना मला स्वतःचा थोडा राग येतो, पण चव खोटी सांगता येत नाही.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढवलं ते आत्यानं, वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. नवरा मेल्यावर ती माहेरी परत आलेली, एक मुलगा घेऊन. बोलायला विळ्यासारखी. मी परीक्षेत पहिली आले तेव्हा शेजारणीनं विचारलं, "पोरगी हुशार निघाली की, कुणावर गेली?" आत्या म्हणाली, "उपाशी माणसाला ध्यान लागतंय. दोन येळा जेवाय लागली की हुईल तुमच्या पोरावानी."

रास उचलून नेली की रानात सरवा वेचायला जायचं. गळून पडलेल्या शेंगा, खळ्याच्या कडेला उडालेले दाणे गोरगरिबांनी वेचायचे, ही गावची रीत. रास उचलण्याआधी मात्र रानात पाय टाकायचा नाही. आत्याचा हात मोठा चलाख. काळ्या मातीला हिवाळ्यात हातभर खोल भेगा पडतात, त्या भेगांत पडलेले दाणेही ती काढायची. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट कायमचं वाकलेलं. मला वाटायचं, भेगांत हात घालूनच ते असं झालं असेल. एका अर्थी ते खरंच होतं.

मी गुलबर्ग्याच्या वसतिगृहात राहायला आले तेव्हापासून दर तुरीला आत्याची एक पिशवी यायची. जुन्या साडीच्या तुकड्याची, तोंडाशी सुतळी. वेचलेल्या तुरीची, घरच्या जात्यावर भरडलेली डाळ. खोलीतल्या मुली म्हणायच्या, तुझ्या डाळीत खडे लागतात. लागायचे. मी खडे बाजूला काढून ताटाच्या कडेला ओळीनं लावायचे आणि आमटी संपवायचे.

माझी शाळा मालकांची. गावातली निम्मी रानं त्यांची, शाळा त्यांची, शाळेसमोरचं वडाचं झाडही त्यांचं. सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं, मीही इथं तेच म्हणते. त्यांनी माझी फी माफ केली होती. दहावीच्या निकालादिवशी मला बोलावून पेढा दिला, हातात दिला, वरून टाकला नाही. एवढ्यावर मी त्यांची आयुष्यभराची ऋणी झाले. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाची कृतज्ञता ही फार उतावीळ असते. कुणी खुर्ची दिली तरी ती डोळ्यांत पाणी आणते. खुर्ची कुणाच्या घरातून ओढून आणली आहे, हे ती विचारत नाही.

पीएच.डी.साठी मी बायांच्या मुलाखती घेत फिरत होते. वीस-पंचवीस गावं झाली, आणि सगळ्यात शेवटी मी घरी आले. तेही तुरीचेच दिवस. आत्या ओसरीवर सुपानं तूर पाखडत होती. मी रेकॉर्डर ठेवला.

"ह्यात काय बोलू?"

"सरव्याचं सांग. लहानपणापासूनचं."

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "बोट बघायलीस नव्हं माझं? कामून वाकलं, कधी विचारलीस का?"

मी विचारलं नव्हतं. तिच्या घरात वाढूनही विचारलं नव्हतं.

मग तिनं सांगितलं. ती नुकतीच विधवा होऊन माहेरी आली होती. मालकांच्या रानातली रास उचलली असं समजून ती सरवा वेचायला शिरली. रास उचलली होती, पण एक लहानसा ढीग पल्याडच्या कोपऱ्यात राहिला होता. मालक तेव्हा तरुण. घोंगडीवर बसून गड्यांबरोबर शेंगा खात होते. त्यांनी तिला बोलावलं आणि ओटी सोडायला लावली. ओटीतली तूर खाली पडली. ती उचलून ढिगात टाकली असती तर गोष्ट तिथं संपली असती. पण मालकांना काहीतरी सुचलं. त्यांनी पायानं ती तूर भेगांमध्ये लोटली. म्हणाले, आता काढ. भेगांतनं वेचायची तुला सवय हाय म्हणं.

"मी काढायलाव, अन् ते हसायलेत," आत्या म्हणाली. "गडी बी हसायलेत. त्यातला एक आपल्याच गल्लीतला. तिसऱ्या का चौथ्या भेगंत इच्चू होता."

विंचू चावल्यावर ती ओरडली. मालक म्हणाले, ओरडू नगं, दाणे पळून जातील. त्यावर सगळे फार हसले. तिचा हात कोपरापर्यंत सुजला. तरी दिवस मावळेपर्यंत तिला उठू दिलं नाही. जाताना मालक म्हणाले, ती पल्याडची एक भेग राहिली, उद्या ये. दुसऱ्या दिवशी ती गेली. न जाऊन सांगते कुणाला.

रेकॉर्डरचा लाल दिवा जळत होता. मी रडत होते. आत्या रडत नव्हती. तिनं सूप खाली ठेवलं.

"हे समदं लिव. पण दोघांची बी नावं घाल. त्याचं पुरं नाव, बापाच्या नावासकट. अन् माझं. नुसतं त्याचं घालू नगस, नुसतं माझं बी नगं. दोन्ही एका जागी पायजेत. घालतीस का?"

"व्हय आत्या."

"त्याला वाचून दाखवाय पायजे कुणीतरी. जित्ता हाय तवर."

"व्हय."

संशोधनाच्या नियमाप्रमाणे संमतीपत्र लागतं. मी शाईची डबी पुढं केली. तिनं अंगठा टेकवला तेव्हा ते वाकलेलं बोट कागदावर आडवं आलं आणि शाईचा एक फराटा उमटला. मी म्हटलं, दुसरा कागद घेऊ. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बोटाचीच गोष्ट हाय, बोट येणारच."

पुस्तक प्रकाशनसंस्थेकडे गेलं. वर्षभरानं तिथून एक अदबीचं पत्र आलं. मजकूर फार हृदयस्पर्शी आहे, असं त्यात होतं. बोलणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षेसाठी तिचं नाव बदलावं, आणि आरोप असलेल्या व्यक्तीचा उल्लेख फक्त 'एक जमीनदार' असा करावा, अशी सूचना होती. नवं नाव परदेशी वाचकांना उच्चारायला सोपं असावं. तुमची हरकत असल्यास कळवावं, आपण चर्चा करू.

चर्चा करू, असं त्यांनी लिहिलं होतं. मी चर्चा केली नाही. पुस्तक अडेल या भीतीनं मी पाच मिनिटांत उत्तर पाठवलं: काहीच हरकत नाही. आणि वेणूबाई हे नाव मीच निवडलं. मला ते गोड वाटलं.

त्याच आठवड्यात मी पुस्तकाचं ऋणनिर्देशाचं पान लिहिलं. प्राध्यापक, ग्रंथपाल, वसतिगृहाच्या बाई, फोटोकॉपीवाला. आणि सवयीनं, हात जोडावेत तसं, मालकांचं नाव. माझ्या शिक्षणाचा पाया घालणारे, आपल्या शेतांत मला फिरू देणारे. पुरं नाव. बापाच्या नावासकट.

मला ते तेव्हा दिसलं नाही. दिसलं नाही हे मी अनेकांना सांगितलं आहे आणि सगळ्यांनी ते मानलं आहे. एक आत्या सोडून.

प्रकाशन समारंभ गावात करायचा, ही शाळेची हौस. मालकांच्या हस्ते, हे कुणी ठरवलंसुद्धा नाही, गावात पुस्तकाचं पाकीट दुसऱ्या कुणाच्या हातानं फुटेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. मला नाही म्हणता आलं असतं. मला शाल हवी होती. शाळेच्या पटांगणात मंडप होता, वाऱ्यावर तुरीचा भुसा येत होता आणि पाहुणे शिंकत होते. मालक आता म्हातारे, कानात यंत्र. त्यांनी पुस्तक उघडलं नाही, कपाळाला लावलं. माईकवर अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलले. "आमच्या शाळेची पोरगी. आमच्या रानातली तूर खाऊन मोठी झाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आत्या बायांच्या शेवटच्या रांगेत होती, धुऊन कडक वाळवलेल्या हिरव्या साडीत. मला दोन पानं मराठीत सांगायला उभं केलं तेव्हा तिनं मान पुढं काढली. एरवी ती सभांमध्ये डुलक्या घेते. त्या दिवशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मधूनमधून मालकांच्या कानाकडे, यंत्र नीट बसलंय का हे बघितल्यासारखी.

मी प्रस्तावनेतला उतारा सांगितला. काळ्या मातीचं वर्णन होतं. हिवाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा किती देखण्या दिसतात, जणू जमिनीनं श्वास घ्यायला तोंड उघडलंय. मालकांनी मान डोलावली.

संध्याकाळी घरी आत्यानं सुनेला, रेखाला, पुस्तक उघडायला लावलं. रेखा बी.ए.ला नापास झालेली, अंगणवाडीत मदतनीस आहे. इंग्रजी अडखळत वाचते, पण नावं ओळखते. आत्या म्हणाली, "नुसती नावं वाच." रेखा ऋणनिर्देशाच्या पानावर बोट फिरवत गेली आणि थांबली. मालकांचं नाव तिनं मोठ्यानं वाचलं. आत्याचा चेहरा उजळला. तो क्षण मी बघितला आहे.

"हाय की. आता माझं बघ. जवळच असंल."

रेखानं पान उलटलं, परत उलटलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं. नाव बदलावं लागतं आत्या, तुझ्याच भल्यासाठी असतं ते. आतल्या पानांत तू वेणूबाई आहेस. आणि मालक, तिथं ते फक्त एक जमीनदार आहेत.

"अन् हे पुढं कामून हाय त्याचं?"

उत्तर रेखानं दिलं, बिचारीला वाटलं ती मदत करतेय. "आभार मानल्यात आत्या. थँक्यू म्हणल्यात."

आत्या हसली. तिला हसताना मी फार वेळा बघितलं नव्हतं. "थँक्यू," ती म्हणाली. "बरं केलीस बाई. इच्चवाला बी थँक्यू म्हणायचं ऱ्हायलं असंल तर म्हण."

त्या वर्षीही डाळीची पिशवी आली. पुढल्या वर्षीही. आत्यानं शिक्षा म्हणून मला उपाशी ठेवलं नाही. तिची शिक्षा वेगळी होती. मी दारात जाऊन आत्या अशी हाक मारली की ती रेखाला विचारायची, "कोण आत्या? इथं वेणूबाई ऱ्हातीया." गल्लीतल्या बायांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनाही सवय झाली. कुणी म्हणायची, काय वेणूबाई, गुलबर्ग्याची म्याडम आली म्हणं. आत्या सरळ चेहऱ्यानं म्हणायची, "आली की. माझं बारसं तिनंच केलंय."

इकडे वेणूबाई नावारूपाला आली. एका परिषदेत एक तरुण अभ्यासक मला भेटायला आला. त्याच्या निबंधाचा विषयच वेणूबाई होता. तिनं नाव लपवण्याचा मार्ग निवडला, हा तिचा मूक प्रतिकार आहे, असं त्याचं म्हणणं. छान मांडलं होतं त्यानं. श्रोत्यांनी वाहवा केली. मी उठून दोन शब्द बोलायला हवे होते. नंतर चहाच्या वेळी मी त्याचं अभिनंदन केलं.

मालक गेल्या तुरीला गेले. शाळेला सुट्टी, चौकात मोठा फलक, ट्रॅक्टरवरून मिरवणूक. मी गुलबर्ग्याहून हार घेऊन गेले. गेले, लपवत नाही. परत येताना आत्याच्या दारी थांबले. ती तुराट्यांच्या मोळ्या बांधत होती.

"ऐकू यायचं त्याला," ती मोळीकडे बघत म्हणाली. "यंतर लावलं की समदं ऐकू यायचं. मी खात्री केलती."

एवढंच. मग तिनं विचारलं, "हार केवढा होता?"

यंदा पाच प्रश्न आले तेव्हा मला वाटलं, हीच वेळ. पाचव्या प्रश्नाखाली मी सगळं लिहिलं. तिचं नाव, मालकांचं नाव, ऋणनिर्देशाचं पान, पाच मिनिटांचं उत्तर. स्वस्त आवृत्तीत दोन्ही नावं घालावीत आणि ऋणनिर्देशातून एक नाव काढावं, अशी विनंती केली. संपादक मुलीचं उत्तर तीन दिवसांनी आलं. तुमचा प्रामाणिकपणा वाचून गलबलून आलं, तिनं लिहिलं. पण दिवंगत व्यक्तीच्या कुटुंबाचा विचार करावा लागतो. पानांची जुळणी झालेली आहे. शिवाय वेणूबाई हे नाव आता वाचकांना परिचित आहे, संदर्भसूचीत आहे, ते बदललं तर गोंधळ होईल. मुलाखतीत शब्दांची मर्यादा असल्यामुळे आम्ही उत्तर थोडं संपादित केलं आहे, चालेल ना?

संपादित उत्तर असं होतं: त्या सर्व स्त्रियांनी मला भरभरून प्रेम दिलं. बाजूला माझा हसरा फोटो.

मी चालेल म्हटलं नाही. मी काहीच म्हटलं नाही. त्यांनी दोन दिवस वाट बघितली आणि छापलं.

परवा गावी गेले. एकच विचार होता, निदान मराठीत मी स्वतः लिहीन, इथं कुणाची जुळणी नाही, कुणाची मर्यादा नाही. तिला विचारून लिहायचं. वाटेत गाडी बदलली तेव्हा रस्त्याच्या कडेला मळणीयंत्र चालू होतं आणि भुशाच्या ढगात माणसं तोंडाला फडकी बांधून उभी होती. खिडकी लावा, लावा, असं सगळे ओरडले. मी लावली नाही.

आत्या घरी नव्हती. रेखा म्हणाली, रानात गेल्यात, ऐकतच न्हाईत. मालकांच्याच रानात. यंत्रानं काढलेल्या तुरीचा सरवा फारसा राहत नाही, तरी ती जाते. मी बांधावर पोचले. ती बसूनच पुढं सरकत होती, एका भेगेवर वाकून.

मी जवळ जाऊन सांगितलं. बातमीपत्राचं सांगितलं, मुलीच्या उत्तराचं सांगितलं.

"म्हंजे परत बदललीस."

"मी न्हाई. त्यांनी बदललं."

"तवा बी हेच म्हणलीस."

मी म्हटलं, आता मी मराठीत लिहिणार आहे. आपल्या भाषेत. तुझं खरं नाव घालणार. त्यांचंही.

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांच्या कडांना भुसा चिकटला होता.

"नगं. जित्ता होता तवर पायजे होतं. मेलेल्या माणसाला सांगून काय करू? आता माझं नाव घातलीस तर लोक मलाच बघायला येतील. बोट दाखव म्हणतील. त्याला कोण काय म्हणणार? त्याचा फलक हाय चौकात." मग शांतपणे म्हणाली, "लिवलीस तर मी सांगंन, ती मी न्हाई."

म्हणून या लेखातही तिचं नाव नाही. यावेळी ते मी बदललेलं नाही, एवढंच माझ्या हाती उरलं.

ती उठली आणि चालत रानाच्या पल्याडच्या कोपऱ्याकडे गेली. तिकडे एक मोठी भेग होती, तिथं बसली. ऊन कलत होतं. शेवटच्या बसला उशीर होत होता, म्हणून मी बांधावरून हाक मारली, "आत्या, निघते मी." तिनं मान वर केली नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून परत मारली. तिचं वाकडं बोट भेगेत आत-बाहेर होत राहिलं. तिचे कान उत्तम आहेत.

आजूबाजूला कुणी नव्हतं. तरीही मी आधी मागं वळून बघितलं, आणि मग हाक मारली, "वेणूबाई."

"काय गं," ती म्हणाली, लगेच.